लायमन-अल्फा अरण्य: गहाळ प्रकाशातून वाचलेला विश्वाचा इतिहास

१/
इतिहासाच्या अभ्यासकाला कसर लागलेले दफ्तर नवे नसते. पानांना छिद्रे पडलेली असतात, अक्षरे गेलेली असतात, आणि उरलेल्या मजकुरावर काम भागवावे लागते. आजच्या धाग्यातील दफ्तर मात्र उलट्या रीतीने वाचले जाते. अतिदूरच्या क्वेसारांकडून आपल्यापर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशाला शेकडो छिद्रे पडलेली आहेत, आणि खगोलशास्त्रज्ञ गेली साठ वर्षे उरलेल्या प्रकाशापेक्षा त्या छिद्रांचाच अधिक बारकाईने अभ्यास करीत आहेत. विश्वातील बहुतांश साधे द्रव्य आरंभीच्या काळात कोठे होते, याचा सर्वांत भरवशाचा पुरावा त्या छिद्रांतच आहे.

२/
प्रश्न वरवर साधा आहे. दोन दीर्घिकांच्या मध्ये जी प्रचंड पोकळी आहे, तिच्यात काय आहे? तारे स्वयंप्रकाशी असल्यामुळे दिसतात. ताऱ्यांनी भरलेल्या दीर्घिकाही दिसतात. परंतु दीर्घिकांबाहेर पसरलेला विरळ हायड्रोजन इतका मंद असतो की त्याला थेट पाहणे जवळजवळ अशक्य. जे स्वतः प्रकाशत नाही ते पाहावयाचे तर त्याच्या मागे दिवा ठेवावा लागतो आणि दिव्याचा प्रकाश कोठे कमी झाला हे तपासावे लागते. ही युक्ती सुचायला आणि तिला योग्य दिवा सापडायला दीड शतक जावे लागले.

३/
१८०२ मध्ये विल्यम वोलॅस्टन यांना सूर्याच्या वर्णपटात काही काळ्या रेषा दिसल्या. १८१४ मध्ये योझेफ फ्राउनहोफर यांनी अशा शेकडो रेषांची पद्धतशीर नोंद केली. त्यांचा अर्थ लावला तो १८५९ च्या सुमारास हायडेलबर्ग येथे गुस्टाफ किर्खहोफ आणि रोबेर्ट बुन्सेन यांनी. तेजस्वी उगमासमोर तुलनेने थंड वायू असेल, तर तो वायू ठरावीक रंगच शोषून घेतो, आणि कोणते रंग शोषावयाचे हे त्या मूलद्रव्यावर ठरते. काळी रेषा म्हणजे वाटेत भेटलेल्या अणूची सही होय.

४/
ही सही ताऱ्याचीच असते असे नाही, हे १९०४ मध्ये उमगले. मृग नक्षत्रातील बाणाच्या तीन ताऱ्यांपैकी एक, डेल्टा ओरायनिस, हा जोडतारा आहे. तारे एकमेकांभोवती फिरत असल्यामुळे त्यांच्या वर्णरेषा मागेपुढे सरकतात. पॉट्सडाम येथील योहानेस हार्टमान यांना दिसले की कॅल्शियमची एक रेषा मात्र या येरझाऱ्यांत सामील होत नाही. त्यांनी निष्कर्ष काढला की ती रेषा ताऱ्याची नसून तारा आणि पृथ्वी यांच्या दरम्यान असलेल्या वायूची आहे. ताऱ्यांमधील अवकाश रिकामे नाही, हे कळले ते असे.

५/
आता हायड्रोजनकडे वळू. विश्वातील साध्या द्रव्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग हायड्रोजनचा आहे. त्याच्या दृश्य रेषा प्रयोगशाळेत परिचित होत्या. पण त्या उमटवण्यासाठी अणू आधीच उत्तेजित असावा लागतो. थंड, शांत अणूची पहिली रेषा दूर अतिनील भागात येते. हार्वर्डचे थिओडोर लायमन यांनी निर्वात वर्णपटलेखक वापरून ती शोधली, कारण साधी हवादेखील हा प्रकाश गिळून टाकते. १९०६ ते १९१४ या काळात त्यांनी या मालिकेचा छडा लावला. तिच्यातील पहिली रेषा, लायमन-अल्फा, १२१६ अँगस्ट्रॉम तरंगलांबीवर येते.

६/
येथे एक मोठी अडचण उभी राहते. हायड्रोजन ओळखण्याची सर्वांत प्रभावी खूण हीच रेषा, आणि नेमका हाच प्रकाश पृथ्वीचे वातावरण जमिनीपर्यंत येऊ देत नाही. त्यामुळे अर्धशतकभर ही रेषा खगोलशास्त्रज्ञांच्या हाती लागण्यासारखी नव्हती. १९५९ मध्ये जॉर्ज फील्ड यांनी दुसरी वाट धरली. हंस तारकासमूहातील एका प्रखर रेडिओ उगमासमोर हायड्रोजनची २१ सेंटिमीटरची रेडिओ रेषा दिसते का, हे त्यांनी तपासले. काही दिसले नाही. वायू अमुक प्रमाणापेक्षा कमी असला पाहिजे, एवढेच हाती आले.

७/
अडचणीवर उपाय विश्वाच्या प्रसरणातच होता. अवकाश प्रसरण पावत असल्यामुळे दूरच्या प्रकाशाची तरंगलांबी वाटेत ताणली जाते; यालाच ताम्रसृती म्हणतात. ताम्रसृती २ असेल तर प्रत्येक तरंग मुळाच्या तिप्पट लांब होऊन पोहोचतो. म्हणजे पुरेशा दूरच्या दिव्याचा अतिनील प्रकाश पृथ्वीवर येईतो दृश्य प्रकाशाच्या हद्दीत आलेला असतो आणि वातावरणातून सुखरूप खाली उतरतो. प्रश्न राहिला तो दिव्याचा. इतक्या अंतरावरून वर्णपट मिळावा इतका तेजस्वी दिवा १९६० पर्यंत कोणालाच माहीत नव्हता.

८/
१९६२ मध्ये चंद्र ३सी २७३ या रेडिओ उगमासमोरून गेला. ऑस्ट्रेलियातील पार्क्स दुर्बिणीने, सिरिल हॅझार्ड यांच्या पुढाकाराने, तो उगम चंद्राआड केव्हा गेला व केव्हा बाहेर आला याच्या वेळा अचूक टिपल्या आणि त्यावरून उगमाचे स्थान निश्चित झाले. तेथे कन्या राशीत ताऱ्यासारखा एक निळसर ठिपका होता. फेब्रुवारी १९६३ मध्ये मार्टन श्मिट यांना पॅलोमारच्या २०० इंची दुर्बिणीने घेतलेल्या वर्णपटातील न उलगडणाऱ्या रेषांचे कोडे सुटले. त्या हायड्रोजनच्याच परिचित रेषा होत्या, पण १६ टक्क्यांनी सरकलेल्या. तो ‘तारा’ सुमारे दोनशे कोटी वर्षांपूर्वीचा प्रकाश पाठवीत होता.

९/
अशा उगमांना पुढे क्वेसार हे नाव मिळाले. दीर्घिकेच्या केंद्रातील महाकाय कृष्णविवराकडे ओढला जाणारा वायू तापून प्रखर तेजाने उजळतो, अशी आज त्यांची ओळख आहे. दिवा सापडला होता. पण ३सी २७३ अजून जवळचाच. त्याची लायमन-अल्फा रेषा १४०८ अँगस्ट्रॉमवर, वातावरणाच्या बंद दारापलीकडेच राहत होती. १९६५ मध्ये श्मिट यांनी ३सी ९ या क्वेसारची ताम्रसृती २.०१२ असल्याचे जाहीर केले. तेथे १२१६ ची रेषा सुमारे ३६६० अँगस्ट्रॉमवर आली. दार उघडले.

१०/
कॅलटेकमधील जेम्स गन आणि ब्रूस पीटरसन या दोन तरुण संशोधकांनी त्याच वर्षी एक छोटा निबंध लिहिला. त्यातील कल्पना आपल्याकडच्या जुन्या जकातनाक्यांच्या उदाहरणाने समजून घेता येईल. एक व्यापारी सर्व मोलांची नाणी घेऊन निघाला आहे. वाटेवरचा प्रत्येक नाका फक्त एकच नाणे वसूल करतो: १२१६ चे. परंतु वाटचालीत प्रत्येक नाण्याचे मोल हळूहळू वाढत जाते. निघताना ११०० असलेले नाणे एखाद्या नाक्यावर १२१६ होते आणि तेथे जमा होते. १००० चे नाणे त्याहून बऱ्याच पुढच्या नाक्यावर.

११/
नाणी म्हणजे प्रकाशाचे रंग, आणि नाका म्हणजे उदासीन हायड्रोजन, अर्थात ज्याचा इलेक्ट्रॉन शाबूत आहे असा अणू. प्रवासाच्या शेवटी थैलीत कोणती नाणी नाहीत हे पाहिले की नाके कोठे होते ते सांगता येते. संपूर्ण वाटच नाक्यांनी व्यापलेली असेल, तर लायमन-अल्फाच्या निळ्या बाजूची सगळी नाणी गेली पाहिजेत, आणि वर्णपटाचा तो भाग काळाकुट्ट दिसला पाहिजे. दीर्घिकांदरम्यान हायड्रोजन भरलेला असेल अशी बऱ्याच जणांची अपेक्षा होती. म्हणून ३सी ९ च्या वर्णपटात त्या बाजूला अंधार असायला हवा होता.

१२/
तो नव्हता. निळ्या बाजूचा प्रकाश काहीसा मंदावलेला होता, पण स्पष्ट दिसत होता. गन आणि पीटरसन यांनी हिशेब मांडला. त्यांच्या आकड्यानुसार उदासीन हायड्रोजनचे प्रमाण इतके कमी निघाले की पंचवीस मीटर लांब, तितक्याच रुंद आणि तितक्याच उंच दालनात जेमतेम एक अणू सापडावा. अपेक्षित घनतेच्या तुलनेत हे प्रमाण सुमारे लाखपटींनी कमी होते. इतक्या थोड्या वायूचाही सुगावा लागावा, हे या पद्धतीचे सामर्थ्य. आणि तरीही तो सापडू नये, हे कोडे.

१३/
कोड्याची दोन उत्तरे संभवत होती. एक, दीर्घिकांमध्ये वायूच नाही. दोन, वायू आहे, पण त्याचे इलेक्ट्रॉन सुटलेले आहेत. तो आयनीभूत आहे. इलेक्ट्रॉन गमावलेला हायड्रोजन १२१६ चे नाणे वसूल करूच शकत नाही. काळाने दुसऱ्या उत्तराच्या बाजूने कौल दिला आणि त्यातून एक मोठी ऐतिहासिक घटना सूचित झाली. महास्फोटानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी विश्व निवून हायड्रोजन उदासीन झाला होता. म्हणजे पुढे कधीतरी, कशाने तरी, अवघ्या विश्वातील वायूचे इलेक्ट्रॉन पुन्हा हिरावून घेतले होते.

१४/
त्याच १९६५ मध्ये जॉन बाकॉल आणि एडविन साल्पीटर यांनी आणखी एक शक्यता मांडली. वायू सर्वत्र सारखा पसरलेला नसून गुठळ्यागुठळ्यांनी असेल, तर अखंड अंधाराऐवजी सुट्या काळ्या रेषा दिसतील. लवकरच ३सी १९१ आणि इतर काही क्वेसारांच्या वर्णपटांत शोषणरेषा मिळाल्याही. पण ३सी १९१ मधील रेषांची ताम्रसृती क्वेसारच्या ताम्रसृतीच्या अगदी जवळची होती. हा वायू वाटेतला कशावरून? क्वेसारनेच बाहेर फेकलेला कशावरून नव्हे? या शंकेला सहजासहजी उत्तर नव्हते.

१५/
शंका घेणारे लोक लहानसहान नव्हते. फ्रेड हॉइल आणि जॉफ्री बर्बिज यांनी १९६६ मध्ये असा विचार मांडला की क्वेसार फार दूरचे नसून तुलनेने जवळच्या दीर्घिकांतून बाहेर फेकले गेलेले असावेत. तसे असेल तर त्यांची ताम्रसृती अंतराचे माप राहत नाही, आणि शोषणरेषाही वाटेतल्या वायूच्या ठरत नाहीत. या वादात बरेच काही पणाला लागले होते. क्वेसार जवळचे निघाले असते, तर आंतरदीर्घिकीय वायूचा अभ्यास करण्याचा हा मार्गच खुंटला असता.

१६/
१९७१ मध्ये अमेरिकेतील किट पीक वेधशाळेचे रॉजर लिंड्स यांनी ४सी ०५.३४ या क्वेसारचा वर्णपट प्रसिद्ध केला. ताम्रसृती २.८७७, तोवर ज्ञात असलेल्यांत सर्वाधिक. त्यात एक विलक्षण विषमता होती. लायमन-अल्फाच्या लाल बाजूला रेषा मोजक्याच. निळ्या बाजूला मात्र रेषांची दाटी. लिंड्स यांनी सुचविले की यांतील बहुसंख्य रेषा एकाच जातीच्या, निरनिराळ्या ताम्रसृतींवरच्या लायमन-अल्फाच्या आहेत. एकेक रेषा म्हणजे एकेक नाका. पुढे या दाटीला ‘लायमन-अल्फा अरण्य’ हे नाव रूढ झाले.

१७/
अरण्य दिसले, पण झाडे मोजता येईनात. छायाचित्रणाच्या काचा आपल्यावर पडणाऱ्या प्रकाशाचा जेमतेम शतांश नोंदवीत, आणि नोंद प्रकाशाच्या प्रमाणात नसे. ही कोंडी फोडली ती लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील अलेक बोक्सेनबर्ग यांनी. प्रकाश अनेकपट वाढवून दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्याने एकेक प्रकाशकण मोजणारे उपकरण त्यांनी बनविले, आणि १९७३ पासून ते पॅलोमारच्या महादुर्बिणीला जोडून वापरले. इतके मंद वर्णपट इतक्या तपशिलाने टिपता येणे, हीच या विषयातली खरी क्रांती होती.

१८/
या उपकरणाच्या साहाय्याने वॉलेस सार्जंट, पीटर यंग, बोक्सेनबर्ग आणि डेव्हिड टिटलर यांनी सहा क्वेसारांच्या अरण्यांचा अभ्यास करून १९८० मध्ये निष्कर्ष मांडले. रेषा क्वेसारनेच फेकलेल्या वायूच्या असत्या, तर क्वेसारागणिक त्यांची ठेवण वेगळी असायला हवी होती. प्रत्यक्षात सहाही अरण्ये एकसारखी होती. दीर्घिका जशा घोळक्याने आढळतात तशा या रेषा घोळक्याने नव्हत्या, आणि त्यांच्यासोबत जड मूलद्रव्यांच्या खुणाही मिळाल्या नव्हत्या. वायू वाटेतलाच, दीर्घिकांदरम्यानचा आहे, हा पक्ष आता भक्कम झाला.

१९/
इतर पुरावेही याच दिशेने येत होते. १९७९ मध्ये एकाच क्वेसारच्या गुरुत्वीय भिंगामुळे झालेल्या दोन प्रतिमा सापडल्या. वाटेतल्या दीर्घिकेने प्रकाश वळविला होता, म्हणजे क्वेसार त्या दीर्घिकेच्याही मागे असलाच पाहिजे. पुढे फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ झ्याकलिन बेर्जेरों यांनी मॅग्नेशियमच्या शोषणरेषांच्या ताम्रसृतीवर प्रत्यक्ष दीर्घिका शोधून दाखविल्या. १९८६ मध्ये आर्थर वुल्फ आणि सहकाऱ्यांनी अतिशय रुंद अशा लायमन-अल्फा रेषांचा शोध घेतला. त्या दाट, उदासीन वायूच्या साठ्यांच्या होत्या. पुढचे तारे ज्यातून घडले ती कोठारे बहुधा हीच.

२०/
१९९० मध्ये अवकाशात गेलेल्या हबल दुर्बिणीला वातावरणाचा अडथळा नव्हता. १९९१ मध्ये तिच्या वर्णपटमापकांनी पुन्हा ३सी २७३ कडे पाहिले. दूरच्या अरण्यावरून केलेल्या अंदाजानुसार इतक्या जवळच्या, म्हणजे अलीकडच्या काळातील, वाटेवर रेषा अगदी तुरळक मिळायला हव्या होत्या. मिळाल्या कितीतरी अधिक. अरण्य विरळ झाले होते, पण संपलेले नव्हते. १९६३ मध्ये क्वेसारांचा इतिहास ज्याच्यापासून सुरू झाला, त्याच दिव्याने आपल्या शेजारच्या अवकाशातील वायूही दाखवून दिला.

२१/
१९९३ पासून हवाईतील दहा मीटरच्या केक दुर्बिणीवर अतिसूक्ष्म वर्णपट मिळू लागले, आणि एक जुनी समजूत डळमळली. अरण्यातील वायू आदिम, ताऱ्यांचा स्पर्श न झालेला मानला जात होता. १९९५ च्या सुमारास त्यातील तुलनेने दाट भागांत कार्बनच्या पुसट रेषा आढळल्या. कार्बन ताऱ्यांच्या पोटातच तयार होतो. म्हणजे तारे जन्मले, मेले, आणि त्यांची राख दीर्घिकांच्या सीमा ओलांडून बाहेर पसरली, हे सारे अकराशे-बाराशे कोटी वर्षांपूर्वीच घडून गेले होते.

२२/
दुसरी समजूतही याच सुमारास बदलली. तोवर प्रत्येक रेषा म्हणजे एक सुटा, गोलसर ढग असे चित्र होते. १९९४ पासून प्रिन्स्टन आणि अन्यत्र संगणकावर घडविलेल्या विश्वांतून निराळे दृश्य पुढे आले. गुरुत्वाकर्षणाने द्रव्य पातळ पापुद्र्यांत आणि लांबच लांब तंतूंत गोळा होते आणि त्यांचे प्रचंड जाळे विणले जाते. क्वेसारचा प्रकाश त्या जाळ्यातून आरपार येतो, आणि प्रत्येक तंतू ओलांडताना एक रेषा उमटते. आकडेमोडीतून निघालेले अरण्य आकाशातल्या अरण्याशी जुळले. त्या काळातील बहुतांश साधे द्रव्य याच जाळ्यात होते, ताऱ्यांत नव्हे.

२३/
साधे द्रव्य एकूण किती, या प्रश्नालाही अरण्यानेच उत्तर दिले. महास्फोटानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, किती उरला हे द्रव्याच्या घनतेवर अवलंबून असते. त्याची रेषा हायड्रोजनच्या रेषेला अगदी खेटून निळ्या बाजूला पडते. १९९४ मध्ये एका क्वेसारच्या वाटेवर त्याचे प्रमाण बरेच जास्त असल्याचे जाहीर झाले. १९९६ मध्ये टिटलर यांच्या गटाला दुसऱ्या एका ठिकाणी ते सुमारे दहापटींनी कमी मिळाले. काही वर्षे वाद रंगला. अखेर कमी आकडा टिकला: हायड्रोजनच्या लाख अणूंमागे दोन-तीन. त्यावरून साधे द्रव्य विश्वाच्या एकूण ऐवजात पाच टक्क्यांच्या आसपासच भरते.

२४/
या इतिहासाचा एक धागा पुण्यातून जातो. हॉइल यांचे शिष्य जयंत नारळीकर यांनी १९८८ मध्ये आयुका ही संस्था उभारली. ते महास्फोट सिद्धांताचे आयुष्यभर चिकित्सक राहिले. हॉइल आणि बर्बिज यांच्यासह त्यांनी लिहिलेला पर्यायी विश्वरचनेचा ग्रंथ २००० मध्ये आला. त्याच वर्षी आयुकाचे आर. श्रीआनंद यांनी पॅत्रिक पतिज्याँ आणि सेद्रिक लेदू यांच्यासह एका क्वेसारच्या वाटेवरील दाट हायड्रोजन-साठ्यात कार्बनच्या रेषा मोजल्या, आणि तेथील वैश्विक पार्श्वप्रारणाचे तापमान ६ ते १४ केल्व्हिनच्या दरम्यान असल्याचे दाखविले.

२५/
हे तापमान आज २.७३ केल्व्हिन आहे. प्रसरणशील विश्वाच्या मानक सिद्धांतानुसार त्या ताम्रसृतीवर ते ९.१ असायला हवे होते. पूर्वीचे विश्व अधिक उष्ण होते, याचे हे प्रत्यक्ष मापन होते. प्रस्थापित सिद्धांताला आव्हान देणाऱ्या संस्थापकाच्या संस्थेत त्याच सिद्धांताचे भाकीत कसाला लावणारे काम मोकळेपणाने व्हावे, ही वैज्ञानिक संस्कृतीची खूण मानावी लागेल. शिवाय जुन्नर परिसरातील खोडद येथील रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस ॲन्टेना दूरच्या उदासीन हायड्रोजनची तीच २१ सेंटिमीटरची रेषा शोधत असतात, जी फील्ड यांना १९५९ मध्ये सापडली नव्हती.

२६/
आता पुन्हा गन यांच्याकडे. १९६५ नंतर त्यांनी स्लोन आकाश सर्वेक्षणाचा महाकॅमेरा घडविला आणि त्या प्रकल्पाचे वैज्ञानिक नेतृत्व केले. या सर्वेक्षणातून शाओहुई फान आणि सहकाऱ्यांना अतिदूरचे क्वेसार सापडू लागले. २००१ मध्ये त्यांतील ६.२८ ताम्रसृतीच्या क्वेसारचा वर्णपट रॉबर्ट बेकर आणि सहकाऱ्यांनी तपासला. लायमन-अल्फाच्या निळ्या बाजूला प्रकाश १५० पटींहून अधिक घटला होता. मोजण्याजोगे काहीच उरले नव्हते. छत्तीस वर्षांपूर्वी अपेक्षिलेला अंधार अखेर दिसला, आणि तो ज्या सर्वेक्षणातून दिसला त्याचा कॅमेरा ही अपेक्षा मांडणाऱ्यानेच घडविलेला होता.

२७/
या ‘गन-पीटरसन खळग्या’चा अर्थ सावधपणे लावावा लागतो. लायमन-अल्फा इतकी प्रभावी आहे की दहा हजारांत एखादाच अणू उदासीन असला तरी सगळा प्रकाश गिळला जातो. त्यामुळे अंधार दिसला म्हणून वायू पूर्णपणे उदासीन होता असे ठरत नाही. पण दूरवर खळगा आणि अलीकडे अरण्य, या क्रमावरून संक्रमणाचा शेवट कधी झाला ते कळते. अलीकडच्या मापनांनुसार महास्फोटानंतर सुमारे ११० कोटी वर्षांनी आयनीभवन पूर्ण झाले. पहिल्या तारकांच्या आणि तरुण दीर्घिकांच्या अतिनील प्रकाशाने ते घडविले, असे आज बहुसंख्य अभ्यासक मानतात. आणि ३सी ९ च्या वर्णपटातील १९६५ चा तो किंचित मंदपणा? ते त्या काळच्या काचांवर सुटे न दिसलेले अरण्यच होते.

२८/
अरण्य आज नकाशा काढण्याचे साधन झाले आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४८,६४० क्वेसारांच्या अरण्यांतून अकराशे कोटी वर्षांपूर्वीच्या विश्वप्रसरणाचा वेग मोजला गेला. २०२४ मध्ये ‘डेझी’ या उपकरणाच्या पहिल्याच वर्षाच्या नोंदींतून ४ लाख २० हजारांहून अधिक अरण्ये वापरण्यात आली. हे उपकरण किट पीकवर आहे, म्हणजे ज्या वेधशाळेत लिंड्स काम करीत होते त्याच डोंगरावर. एका क्वेसारच्या रेषांच्या दाटीपासून चार लाख वर्णपटांपर्यंतचा हा प्रवास अवघ्या ५३ वर्षांचा आहे.

२९/
थिओडोर लायमन १९५४ मध्ये निवर्तले. आपण निर्वात नळीत टिपलेली रेषा विश्वाच्या जवळजवळ संपूर्ण आयुष्याची वही ठरेल, हे त्यांना कळण्याचा प्रश्नच नव्हता. या इतिहासातील प्रत्येक मोठे वळण न दिसलेल्या गोष्टीचा अर्थ लावण्यातून आले आहे: १९६५ मध्ये न मिळालेला अंधार, १९८० मध्ये न आढळलेले घोळके, २००१ मध्ये न पोहोचलेला प्रकाश. दर वेळी पुरावा तोच, ‘काही नाही’ एवढाच होता. ते ‘काही नाही’ किती, कोठे आणि केव्हापासून, हे नेमके मोजल्यावरच त्यातून उत्तर निघाले.

धागा येथे संपतो. शंका आणि पुरवण्या खाली अवश्य लिहाव्यात.